रिटाचा राग कुणाला कळलाच नाही

‘द शॉशँक रिडम्प्शन’ हा १९९४ सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यात तुरुंगातले कैदी एक जुना कृष्णधवल सिनेमा बघत बसलेले असतात. पडद्यावर एक देखणी बाई झटक्यात मान वर करते, तिचे केस मागे उडतात आणि सगळे कैदी खूश होऊन ओरडायला लागतात. नायकाच्या कोठडीच्या भिंतीवर लागलेलं पहिलं पोस्टरही तिचंच असतं. ती रिटा हेवर्थ. एके काळची हॉलिवूडची सर्वांत मोठी तारका आणि दुसऱ्या महायुद्धातल्या लाखो अमेरिकी सैनिकांच्या स्वप्नातली बाई.

पण आज तिची आठवण काढायचं कारण तिचं सौंदर्य नाही. उतारवयाकडे झुकताना ही बाई चिडकी झाली, संशयी झाली, विसरायला लागली. जगाने त्याचा एकच अर्थ काढला, दारू! खरं कारण कळेपर्यंत तिच्या आयुष्याची कितीतरी वर्षं बदनामीत गेली. आपल्या घरातही एखादी आजी, सासूबाई, काकू अशी ‘बदलते’, तेव्हा आपणही झटकन असाच काहीतरी शिक्का मारतो. म्हणून रिटाची गोष्ट माहीत हवी.

तिचं खरं नाव मार्गारिटा कार्मेन कॅन्सिनो. जन्म १७ ऑक्टोबर १९१८चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील एदुआर्दो कॅन्सिनो हे स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या गावातून आलेले नर्तक. आई व्होल्गा हेवर्थ ही अमेरिकन, तीही रंगभूमीवर काम केलेली. घरात नाचाची परंपरा. त्यामुळे मुलगी नीट चालायला लागते न लागते तोच तिचं नाचाचं शिक्षण सुरू झालं. तिला आवडतं का, हे कुणी विचारलंच नाही.

१९२७ मध्ये कुटुंब हॉलिवूडला आलं. वडिलांनी नाचाचे क्लास काढले, पण महामंदीत ते बसले. मग वडिलांनी बारा वर्षांच्या मार्गारिटालाच आपली जोडीदार केलं आणि ‘डान्सिंग कॅन्सिनोज’ नावाने कार्यक्रम सुरू केले. कॅलिफोर्नियात इतक्या लहान मुलीला बारमध्ये काम करायला कायद्याने बंदी होती. म्हणून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या क्लबांत ती नाचायची. तिला मोठ्या बाईसारखं नटवलेलं असायचं. शाळा सुटली ती सुटलीच. वडिलांनी तिचा लैंगिक छळही केला, असं तिच्या चरित्रकार बार्बरा लीमिंग यांनी पुढे लिहिलं. ज्या वयात मुली सागरगोटे खेळतात त्या वयात ही पोर घर चालवत होती. ती मोठी झाल्यावरही विलक्षण अबोल आणि लाजरी राहिली, यात नवल ते काय?

तिथेच सिनेमावाल्यांची नजर तिच्यावर पडली. किरकोळ भूमिका मिळाल्या. १९३७ मध्ये, अठराव्या वर्षी, तिने एडवर्ड जडसन या तिच्या दुपटीहून जास्त वयाच्या माणसाशी लग्न केलं. बापाच्या तावडीतून सुटली आणि दुसऱ्या मालकाच्या हाती पडली, असंच म्हणायचं! त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने तिला करारावर घेतलं आणि तिचं ‘नूतनीकरण’ सुरू झालं. काळे केस लाल-तपकिरी झाले. कपाळ अरुंद दिसतं म्हणून पुढची केसांची रेघच विजेच्या उपचाराने मागे सरकवली, आणि तेही एका बैठकीत होणारं काम नव्हतं. कॅन्सिनो हे स्पॅनिश नाव जाऊन आईचं माहेरचं हेवर्थ आलं. गाण्यासाठी आवाज बहुतेक वेळा दुसऱ्याच बायकांचा वापरला गेला. अशी मार्गारिटाची रिटा झाली.

पण नाच मात्र तिचा स्वतःचा होता. फ्रेड अस्टेअरसारख्या कसलेल्या नर्तकाबरोबर तिने १९४१ आणि १९४२ मध्ये दोन चित्रपट केले आणि त्याच्या बरोबरीने ती नाचली. १९४१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात छापून आलेला तिचा फोटो सैनिकांच्या बराकीबराकीत लागला. १९४४ मध्ये ‘कव्हर गर्ल’ आला आणि १९४६ मध्ये ‘गिल्डा’. त्यातलं एका हातातला मोजा काढत केलेलं गाणं पुढे कितीतरी सिनेमांनी उचललं. त्याच वर्षी बिकिनी बेटांवर अमेरिकेने अणुचाचणी केली. त्यातल्या पहिल्या बॉम्बवर कुणीतरी रिटाचं चित्र चिकटवलं. हा तिला सन्मान वाटेल अशी लोकांची कल्पना. तिला मात्र त्याचा भयंकर संताप आला होता.

संसाराच्या बाबतीत तिचं नशीब कधीच उघडलं नाही. एकूण पाच लग्नं झाली, पाचही मोडली. दुसरा नवरा ऑर्सन वेल्स, प्रतिभावंत दिग्दर्शक. त्याच्यापासून १९४४ मध्ये रिबेका ही मुलगी झाली. तिसरं लग्न २७ मे १९४९ रोजी फ्रान्समध्ये झालं, प्रिन्स अली खानशी. आपल्या पुण्यातला आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला त्या तिसऱ्या आगाखानांचा हा मुलगा. त्याच वर्षी डिसेंबरात यास्मिनचा जन्म झाला. पण नवऱ्याला घोड्यांच्या शर्यतींचा, मेजवान्यांचा आणि माणसांच्या गराड्याचा षोक, तर हिला घरात शांत बसायला आवडायचं. १९५३ मध्ये घटस्फोट झाला. नंतरची दोन लग्नंही अशीच विरली. पुरुष पडद्यावरच्या गिल्डाच्या प्रेमात पडतात आणि लग्नानंतर त्यांना साधी रिटा भेटते, ही तिची खंत होती.

तरीही १९५७-५८ पर्यंत ती चांगलं काम करत होती. ‘सेपरेट टेबल्स’मधली ढळत्या वयाची, एकटी पडलेली सुंदरी तिने समजून उमजून उभी केली.

मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं. नेमकं कधी, ते सांगणं आज अवघड आहे. काहींच्या मते साठच्या दशकातच. ती अचानक भडकायची, समोरच्यावर तुटून पडायची आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी वागायची. कधी सगळ्यांपासून तोंड लपवून बसायची. संवाद पाठ होईनात. लहानपणापासून कॅमेऱ्यापुढे आणि रंगमंचावर वावरलेली बाई ही! १९७२ मध्ये आलेला ‘द रॅथ ऑफ गॉड’ हा तिचा शेवटचा चित्रपट. रॉबर्ट मिचम या जुन्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून तिने तो घेतला, कारण पैशांची गरज होती. पण तिला संवाद आठवेनात. शेवटी तिचे प्रसंग एकेक वाक्य तोडून चित्रित करावे लागले. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली होती तेव्हा तिने.

मार्च १९७४ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिचे दोन्ही भाऊ गेले. त्या धक्क्याने ती आणखीनच खचली. ती दारू प्यायची, हे खोटं नाही. दुःखात जास्तच प्यायची. त्यामुळे लोकांना उत्तर शोधायला लांब जावंच लागलं नाही. जानेवारी १९७६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, प्रवासात तिने आरडाओरडा केला म्हणून तिला विमानातून उतरवण्यात आलं. छायाचित्रकार टपलेलेच होते. केस विस्कटलेले, चेहरा भांबावलेला, नजर हरवलेली, असे तिचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. दारूने काय दशा केली बघा, असा सगळ्यांचा सूर. ते फोटो आज पुन्हा बघितले तर त्यात नशेपेक्षा भीती जास्त दिसते. आपण कुठे आहोत हे न कळलेल्या माणसाची भीती.

परक्यांचं सोडा, धाकट्या मुलीलाही, यास्मिनलाही, हे दारूमुळेच असं वाटत होतं. हे तिने नंतर मोकळेपणाने सांगितलं. १९८० च्या सुमारास अखेर निदान झालं, अल्झायमर. तेव्हा रिटा जेमतेम साठी ओलांडलेली होती.

आज आपल्याला वाटतं, एवढी वर्षं कळलं कसं नाही? पण तेव्हा हे नाव सर्वसामान्यांना माहीतच नव्हतं. डॉक्टरांनाही हा आजार क्वचित होणारा वाटे. म्हातारपणी बुद्धी जायचीच, असं सगळं जग मानत होतं. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात, ‘म्हातारचळ’ म्हणतात, तेच तिकडेही. आणि बाई चिडखोर झाली तर तिचा स्वभावच तसा, पाळी गेल्यामुळे तसं झालं, नाहीतर ती पिते, ही उत्तरं तयारच असतात.

गंमत म्हणजे ज्या रुग्ण बाईमुळे हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, तिची गोष्टही स्वभाव बदलण्यापासूनच सुरू होते. जर्मनीतल्या फ्रँकफर्टची ऑगस्ट डेटर. १९०१ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी तिला रुग्णालयात दाखल केलं. घरच्यांना तिच्यात पहिल्यांदा खटकलं ते हे, की ती नवऱ्यावर विनाकारण संशय घ्यायला लागली होती. विसरणं नंतर ठळक झालं. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या बोलण्या-वागण्याची बारीक टिपणं ठेवली आणि ती गेल्यावर, १९०६ मध्ये, तिच्या मेंदूत दिसलेले बदल सगळ्यांपुढे मांडले.

मन आणि बुद्धी हे आपण दोन वेगळे कप्पे समजतो. मन उदास होतं ते वेगळं आणि आठवण जाते ते वेगळं. मेंदूत मात्र असे कप्पे नसतात. राग आवरणारे, उत्साह देणारे आणि आठवण साठवणारे भाग एकमेकांना जोडलेले असतात. आजाराने पोखरायला सुरुवात केली की कधी आधी आठवण जाते, तर कधी आधी स्वभाव बदलतो. कुणी चिडायला लागतं, कुणी संशयी होतं, कुणी नुसतंच गप्प बसतं. आवडीचं भजनी मंडळ सोडतं, विणकाम बाजूला टाकतं, नातवंडांकडेही बघत नाही. म्हणूनच पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच असा बदल दिसला आणि काही महिने टिकला, तर तो स्वभाव समजून सोडून देऊ नये, असं तज्ज्ञ आता आवर्जून सांगतात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. प्रत्येक विसरणं अल्झायमर नसतं! उतारवयात नैराश्य आलं तरी माणूस विसरतो, गोंधळतो, हळू बोलतो. नवरा गेला, मुलं परदेशी गेली, गुडघ्यांनी घरात बसवलं, की मनाची उभारीच जाते. लक्षच लागत नाही, तर लक्षात काय राहणार? अशी बाई बऱ्याचदा स्वतःच तक्रार करते, मला काही आठवत नाही, माझं डोकं चालत नाही म्हणते. उलट स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आपलं विसरणं बरेचदा जाणवत नाही, किंवा तो ते झाकत राहतो. तक्रार घरचे करतात. हा काही पक्का नियम नव्हे, पण डॉक्टरांना याने दिशा मिळते. नैराश्यावर नीट उपचार झाले की असं विसरणं पुष्कळदा कमी होतं. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कमी ऐकू येणं, काही औषधांचे परिणाम, ही कारणंही तशीच. शोधली तर सापडतात आणि बरीही करता येतात. मात्र बरं वाटलं तरी पुढे अधूनमधून तपासणी करत राहायची, कारण अशा व्यक्तींमध्ये नंतर स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आढळली आहे.

नैराश्य दुर्लक्षित राहिलं तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हेही आता मान्य झालं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये, ज्यावर काही करता येण्यासारखं आहे अशा १४ कारणांची यादी दिली. त्यात रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं आणि एकटेपणा यांच्याबरोबर नैराश्य आहे, अतिमद्यपानही आहे. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे कोडं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. उदासीने मेंदू झिजतो, की झिजायला लागलेल्या मेंदूची पहिली हाक म्हणजे उदासी? बहुधा दोन्ही. रिटाच्या बाबतीतही तिच्या रागात बालपणीची जखम किती, दारू किती आणि आजार किती, हे आता कुणीच वेगळं काढून दाखवू शकणार नाही. पण दारू हे एकच उत्तर समजून सगळे थांबले, ही चूक होती, एवढं नक्की.

निदानानंतर रिटाच्या आयुष्यात एक चांगली गोष्ट घडली. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने तिची जबाबदारी यास्मिनकडे दिली. यास्मिन तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिने आईला न्यूयॉर्कला आणलं, आपल्या शेजारच्याच घरात ठेवलं. दिवसरात्र माणसं ठेवली. राजघराण्यातली मुलगी, तिला काय कमी, असं वाटेल. पैशाने मदतनीस मिळतात हे खरंच. पण आई आपल्याला ओळखत नाही, हे दुःख पैशाने कमी होत नाही. हळूहळू रिटाचं बोलणं गेलं, चालणं गेलं. जिच्या पायांनी फ्रेड अस्टेअरला साथ दिली तिला खुर्चीतून उठवावं लागायचं. १४ मे १९८७ रोजी ती गेली. वय ६८.

यास्मिनने आईचा आजार लपवला नाही. हे त्या काळात सोपं नव्हतं. आईची सुंदर प्रतिमा जपावी म्हणून तिला गप्प राहता आलं असतं. उलट तिने आईचं नाव पुढे केलं. १९८५ पासून रिटा हेवर्थच्या नावाने निधी जमवण्याचे समारंभ सुरू झाले आणि त्यातून अल्झायमरच्या संशोधनासाठी आणि रुग्णांच्या कुटुंबांसाठी कोट्यवधी डॉलर उभे राहिले. पुढे आंतरराष्ट्रीय अल्झायमर संघटनेचं अध्यक्षपदही यास्मिनने सांभाळलं. एवढी मोठी तारका या आजाराने गेली म्हटल्यावर घरोघरची माणसं बोलती झाली. आमच्या आईलाही असंच होतंय, असं म्हणायची लाज कमी झाली. रोनाल्ड रेगन हे रिटाच्या वेळचे हॉलिवूडमधले नट. राष्ट्राध्यक्ष असताना १९८३ मध्ये त्यांनी नोव्हेंबर हा या आजाराच्या जागृतीचा महिना जाहीर केला. १९९४ मध्ये त्यांनी स्वतःलाच हा आजार झाल्याचं देशाला पत्र लिहून कळवलं.

आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरांत सातहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. आणि सांभाळणाऱ्यांतही बायकाच जास्त! सून, मुलगी, बायको. ज्या सासूने कधी आवाज चढवला नाही ती एकाएकी दागिने चोरल्याचा आळ घेते, जेवूनही जेवण दिलं नाही म्हणून शेजारी सांगते. सुनेने ते मनाला लावून घ्यायचं, नवऱ्याने मध्ये पडायचं, घरात धुसफूस. प्रत्यक्षात ते सासूबाई बोलत नसतात, त्यांचा आजार बोलत असतो. हे कळलं तरी त्रास संपत नाही. पण निदान भांडण तरी संपतं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या वयस्कर माणसाचा स्वभाव बदललेला वाटला तर कधीपासून, काय काय, हे एका वहीत लिहून ठेवा. आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. रक्ताच्या तपासण्या, ऐकणं, डोळे, चालू औषधं, हे सगळं पाहून घ्या. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ. तिथे जाणं म्हणजे वेड लागलं असं नव्हे. सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची हेल्पलाइनही आहे, ती मराठीतूनही बोलते. आणि जी सांभाळते तिचीही कुणीतरी चौकशी करा. आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी द्या. सतत सांभाळणाऱ्या बाईला नैराश्य येणं, हेही अगदी नेहमीचं आहे.

रिटाचं निदान दहा वर्षं आधी झालं असतं तर ती बरी झाली असती का? नाही. तेव्हा त्यावर औषध नव्हतं, आणि पूर्ण बरं करणारं औषध आजही नाही. पण तिला कुणी दारुडी म्हणून हिणवलं नसतं. कॅमेरे रोखण्याऐवजी कुणीतरी तिचा हात धरून तिला घरी पोचवलं असतं. आजारी माणसासाठी हे काही थोडंथोडकं नाही.